ब्रेक पॅड बदलताना जुने पॅड मागून घ्या

पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलाच. पॅडच्या मागचं लोखंड डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला) घासेपर्यंत थांबलात तर डिस्कचाही खर्च वाढतो. एकाच चाकाचे पॅड कधी बदलू नका, एका अॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या, दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. रोजच्या वापराला सिरॅमिक पॅड मला बरे वाटतात: आवाज कमी, काळी धूळही कमी.

मेकॅनिक मात्र पारखून घ्या. जुने पॅड हातात देऊन झीज दाखवणारा, डिस्कची जाडी मोजणारा आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ग्रीस लावणारा माणूस सोडू नका. गाडी न बघताच ‘सगळंच बदलावं लागेल’ म्हणणाऱ्याकडून सरळ निघा. ताब्यात घेतल्यावर, गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून बघा.