९० मिमी लेन्स ‘सॉफ्ट’ आहे? विकण्याआधी या चुका टाळा

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (ज्यात लेन्समधून न बघता वेगळ्या व्ह्यूफाइंडरमधून फोकस जुळवतात) पहिल्यांदा ९० मिमी लेन्स लावली की थोड्याच दिवसांत ठरलेली तक्रार येते: ‘लेन्स सॉफ्ट आहे’, म्हणजे फोटो शार्प येत नाहीत. त्यानंतर लेन्स विक्रीला. अशीच कुणीतरी वैतागून विकलेली लेन्स मी आजही वापरतो आणि तिच्यात काही खोट नाही.

आधी हिशेब बघा. ३५ मिमीवर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ एवढं लहान ठेवून तीन मीटरवर फोकस केला, तर साधारण दोनपासून सात मीटरपर्यंत सगळं शार्प म्हणून चालून जातं. ९० मिमीला एफ/२ एवढ्या मोठ्या अ‍ॅपर्चरवर, एक मीटरवरून, जेमतेम सेंटिमीटरभर जागा मिळते. डोळा शार्प, तर नाक गेलंच. कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणारी यंत्रणा, किंचित सरकलेला असेल, तर ३५ मिमी ते वर्षानुवर्षं झाकून ठेवते. ९० मिमी पहिल्याच रोलला चव्हाट्यावर आणते, आणि शिव्या लेन्सला.

माझ्या ओळखीतला एक जण असाच आला. प्रत्येक पोर्ट्रेटमध्ये डोळे मऊ, कान कुरकुरीत. खरं तर निदान तिथेच झालं होतं: चूक दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर रेंजफाइंडर आणि लेन्सची जुळणी बिघडलेली असते, कधी पुढे, कधी मागे जात असेल तर माणूस हलतोय, तुम्ही किंवा समोरचा. पण या गड्याला धीर कुठला! कुठलासा व्हिडिओ पाहून त्याने माउंटच्या (लेन्स बसते त्या खाचेच्या) आतल्या, लेन्सच्या मागच्या कडेवर टेकणाऱ्या छोट्या रोलरला स्क्रूड्रायव्हर लावला होता. आता अनंतावर, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूवरही फोकस जुळेना. मी त्याची लेन्स माझ्या बॉडीवर लावली: फोकस थेट डोळ्यावर. लेन्स निर्दोष, बॉडी आधीच थोडी चुकलेली आणि वर याची कारागिरी. शेवटी कॅमेरा दुरुस्तीला गेला, आणि मूळ बिघाड कोणता नि याने केलेला कोणता, हे निस्तरण्यातच दुरुस्तीवाल्याचा वेळ गेला.

अनंत आणि जवळचं अंतर यांची जुळणी वेगवेगळी असते. एक बसलं म्हणून दुसरं बसेलच असं नाही. मी नवी-जुनी कुठलीही लेन्स आली की ट्रायपॉड लावतो, मोजपट्टी तिरकी ठेवतो, एका आकड्यावर फोकस करतो आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक मीटर, दोन मीटर आणि लांबचा एखादा मनोरा असे फ्रेम घेतो. मग तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर. एवढा एक रोल खर्च करायला ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांनी ५० मिमीवरच सुखी राहावं.

दुसरी लाडकी चूक म्हणजे फोटोत काय येईल हे दाखवणाऱ्या, व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटीवर आंधळा विश्वास. पॅरलॅक्स सुधारणा (व्ह्यूफाइंडर आणि लेन्स वेगळ्या जागी असल्याने पडणारा फरक भरून काढणारी) चौकट सरकवते, तिचा आकार बदलत नाही. बहुतेक बॉडींमध्ये ती जवळच्या अंतराला धरून आखलेली असते, म्हणून लांबच्या दृश्यात चौकटीबाहेरचंही बरंच फोटोत येतं. ‘हा खांब कुठून आला?’ तिथूनच आला. लांबचं टिपताना मी चौकटीबाहेरची पट्टीही फोटोतच धरतो. १९५४ च्या लायका एम३ मध्ये व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य ०.९१ पट मोठं दिसत असल्यामुळे ९० ची चौकट ऐसपैस दिसते, ०.७२ च्या एम६ मध्ये ती लहान, वर २८ मिमी लेन्सची चौकट सोबतीला. सतत ९० वापरणार असाल तर बॉडी निवडतानाच याचा विचार करा.

स्क्रू माउंटची (आटे फिरवून बसणारी जुनी) लेन्स अ‍ॅडॉप्टरवर लावताना २८/९० ची चौकट आणणारा अ‍ॅडॉप्टरच घ्या, नाहीतर भलतीच चौकट उगवते.

ज्युपिटर-९ ही ८५ मिमीची जुनी सोव्हिएत लेन्स स्वस्तात मिळते, दिसते सुंदर. पण लायकावर अनेक नगांचा फोकस जुळत नाही. तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

‘रेंजफाइंडर १/१५ सेकंदाला हातात धरता येतो’ ही फुशारकी रुंद कोनाच्या लेन्सवाल्यांची. ९० ला १/१२५ च्या खाली मी जात नाही, जमलं तर १/२५०.

जुन्या लेन्सच्या मागून टॉर्च मारून बघा. आत धुरकट थर असेल तर कॉन्ट्रास्ट गेलाच. लेन्स उघडून साफ करता येते, पण थराने काच खाल्ली असेल तर डाग राहतात.

आणि टोपण. व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही, त्यामुळे टोपण लावूनही अख्खा रोल मजेत काढता येतो. पण कापडी शटर असेल तर उन्हात उघडी लेन्स सूर्याकडे तोंड करून लटकवू नका, पडद्याला भोक पडतं. म्हणून चालताना टोपण लावायचं, आणि कॅमेरा डोळ्याकडे न्यायच्या आधी काढून सरळ खिशात टाकायचं.