ब्रीडिंग, शो आणि कुत्र्यांची पोर्ट्रेट्स: तिन्ही एका घरात कसं जमवायचं

आधी वेळेचं बोलू, कारण सगळे तेच विचारतात. आपल्याकडे शो सीझन मुख्यतः थंडीचा, भर उन्हात कुत्री रिंगमध्ये पळवणं बरं नाही आणि पावसाळ्यात तर ग्राउंडचाच चिखल, म्हणजे जून ते सप्टेंबर ब्रश हातात घ्यायला मोकळे मिळतात. फक्त त्या दिवसांत वॉटरकलरचा कागद ओल धरतो, बुरशीचे ठिपके पडतात, म्हणून मी पावसात कॅनव्हासवरच काम करते आणि कागद दिवाळीनंतर काढते.

पण वेळ जमवण्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की चित्रं काढल्याने तुमचं ब्रीडिंग सुधारतं. आपल्या घरचं कुत्रं आपल्याला नेहमी देखणंच दिसतं, शोवाले ह्यालाच केनेल ब्लाइंडनेस म्हणतात आणि सगळ्यांना तो थोडाफार असतोच. त्याच्यावर उपाय म्हणजे मादी लावायच्या, म्हणजे नराशी जोडी जमवायच्या, आधी तिचं साइडने चित्र काढा, आणि ज्या नराशी लावायचीय त्याचंही.

करायचं असं. कुत्रं सपाट जमिनीवर शोमध्ये करतो तसं स्टॅक करा, म्हणजे चारही पाय नीट ठेवून स्थिर उभं करा, कुणाला तरी समोर लिव्हरचा तुकडा घेऊन उभं करा, आणि मोबाइल कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर धरून दहा-बारा फूट मागे जाऊन झूम करून फोटो घ्या. जवळून काढला तर डोकं मोठं आणि मागचे पाय बारीक येतात, मग त्यावरून काढलेलं चित्र पण तसंच. मग कागदावर दोनच मापं आधी टाका, खांद्याच्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत उंची, आणि छातीच्या पुढच्या टोकापासून मागच्या बसायच्या हाडापर्यंत लांबी. बाकी सगळं त्या चौकटीत बसवायचं.

आता गंमत बघा. काढता काढता आपला हात गुपचूप सुधारणा करत जातो, पाठ जरा सरळ करतो, मागच्या पायाला थोडा जास्त बाक देतो, मान लांबवतो. चित्र झालं की फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून बाह्यरेषा घ्या आणि तुमच्या रेषेशी ताडून बघा, जिथे हाताने चोरी केलीय तिथेच त्या कुत्र्याचा दोष आहे. कारवानीत, म्हणजे आपल्याकडच्या सडपातळ शिकारी कुत्र्यात, हे पटकन कळतं कारण अंगावर केस आखूड, बरगड्या, कंबर, पोटाचा वर गेलेला भाग सगळं उघडं असतं. गोल्डन रिट्रीव्हर किंवा स्पिट्झसारख्या झुपकेदार कुत्र्यात मात्र डोळ्यावर विश्वास ठेवू नका, जज टेबलावर किंवा रिंगमध्ये हात फिरवतो तसा आधी तुम्ही फिरवा, खांद्याचं हाड कुठे सुरू होतं आणि कोपर कुठे येतं ते बोटांनी शोधा, मगच पेन्सिल उचला. मग दोषाच्या जागी जो नर मजबूत आहे तो निवडायचा, ट्रॉफ्या मोजून नाही.

हे काही माझं डोकं नाही हां. इंग्लंडात केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जाती आणि शो सांभाळणारी संस्था, 1873 साली निघाला, त्याच्या सुरुवातीच्या मेंबरांमध्ये जॉर्ज अर्ल हा चित्रकार होता, आणि त्याने आपल्या मुलीला, मॉड अर्लला, आधी सांगाडे काढायला लावले. तीच पुढे राणी व्हिक्टोरियाची कुत्री रंगवायला लागली.

रंगांचं थोडक्यात. काळ्या कुत्र्याला ट्यूबमधला काळा लावू नका, मेल्यासारखा दिसतो, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळा, पाठीवर आकाशाचा निळा पडतो तो ठेवा आणि पोटाकडे तपकिरी वाढवा. फिक्या बदामी कारवानीला यलो ऑकर आणि रॉ सिएना पुरतं. केस एकेक काढत बसायचं नाही, आधी सावलीचे मोठे भाग, मग केसांची दिशा, शेवटी कडेला मोजकेच केस. डोळ्यातला चमकीचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला यायला हवा, आणि फ्लॅशचा फोटो घेऊच नका, डोळे हिरवे चमकतात आणि खरा रंग कळतच नाही.

घरात पिल्लं असतील तर ऑइल आणि टर्पेंटाइन बंद. कुत्रं ब्रश धुतलेलं पाणी पण पितं, कॅडमियमचे रंग तर वरच्या कपाटात कुलूप लावून. मादी लागली की विण्यापर्यंत साधारण 63 दिवस धरा आणि त्या तारखेच्या आसपास अन पुढचे तीन आठवडे कुणालाही पोर्ट्रेटची डेडलाइन देऊ नका, रात्री पिल्लांपाशी बसायचं असतं. आणि कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे 2017 चे केंद्राचे नियम वाचून घ्या, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी 18 महिन्यांच्या आत लावायची नाही, आयुष्यात 5 च्या वर वेतं नाहीत, 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम नीट पाळले, डॉक्टर आणि लस धरली तर पिल्लांत फारसं काही उरत नाही, तिथे पोर्ट्रेटचे पैसे कामाला येतात.

ऑर्डरी शोमध्येच मिळतात, रिंगच्या कडेला स्केचबुक उघडून बसलात की लोक येऊन डोकावतात. स्टॉल लावायचा तर क्लबच्या सेक्रेटरीला आधी विचारा. ज्या जजसमोर तुमचं कुत्रं उभं राहणारेय त्याला चित्र भेट देऊ नका, विकू पण नका, लोक बोलायला टपलेलेच असतात. निम्मे पैसे आधी घ्या. दुसऱ्या फोटोग्राफरचा फोटो आणला तर त्याची परवानगी मागायला लावा.

आणि "ताई, पाठ जरा सरळ दाखवा ना" हे ऐकायला मिळणारच. भिंतीवर लावायचं असेल तर मी करते, त्यांचं कुत्रं, त्यांची भिंत. स्टडच्या, म्हणजे ब्रीडिंगसाठी नर देण्याच्या, जाहिरातीत टाकायचं असेल तर सरळ नाही म्हणते, कारण ते चित्र बघून कुणीतरी आपली मादी घेऊन येणारेय.