रहस्यकथा खेळवताना एका निष्कर्षाला तीन धागे ठेवा

समजा, तुम्ही फाशांच्या भूमिका-खेळात (खेळाडू पात्रं होतात, तुम्ही कथा चालवता) एक रहस्यकथा खेळवताय आणि ती सोलापुरात घडते. पूर्व भागातल्या चादर कारखान्यातून जेकार्डची (मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्राची) भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं चोरीला गेली आणि ती भुईकोट किल्ल्यात लपवली आहेत. खेळाडूंना किल्ल्यापर्यंत नेणारा एकच धागा, म्हणजे सुगावा, ठेवलात, तर खेळ तिथेच अडकू शकतो. कारण साधं आहे: समजा, धागा सापडायला वीस बाजूंच्या फाशावर एकूण १५ हवेत आणि खेळाडूला पात्राच्या कौशल्याचे +३ मिळतात, म्हणजे १२ किंवा जास्त पडायला हवं. ही शक्यता फक्त ४५ टक्के. तीन स्वतंत्र धागे ठेवले, तर निदान एक सापडण्याची शक्यता सुमारे ८३ टक्क्यांवर जाते.

धागे वेगवेगळ्या जातीचे हवेत. एक वस्तू: यंत्रमागाखाली पडलेलं किल्ल्याचं तिकीट. एक माणूस: गड्ड्याच्या यात्रेतला पाळणेवाला, ज्याने रात्री गाठोडं नेताना कुणाला तरी पाहिलं. तिसरा, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर सापडलेलं कार्ड. तिन्ही धागे कारखान्यातच ठेवले, तर तिकडे न फिरकणाऱ्या गटाला काहीच मिळत नाही.

यातला एक धागा फासा न टाकता द्या. योग्य जागी पाहिलं की मिळालाच पाहिजे. फासा टाकायचाच असेल तर जास्तीच्या तपशिलासाठी टाका: गाठोडं नेणारा लंगडत होता का, किती वाजले होते.

तरीही गट दहा मिनिटं अडला, तर चोरालाच हालचाल करू द्या. तो पाळणेवाल्याला धमकावायला येतो आणि पाठलाग सुरू होतो.