आर्मीत कमावलेली भाषा बाहेर कशी चालवायची
अमेरिकन आर्मीत ३५पी म्हणून परक्या भाषेतलं ऐकून रिपोर्ट लिहायचं काम केलंय आणि आता बाहेर पडायचंय, तर पहिलं म्हणजे डीएलपीटी, म्हणजे लष्कराची भाषेची परीक्षा, निघायच्या आधीच देऊन टाका, भाषा गंजायला वेळ लागत नाही हो. माँटेरेच्या डीएलआयचं, म्हणजे लष्कराच्या भाषाशाळेचं, ट्रान्सक्रिप्ट मागवा, कोरियनचे ६४ आठवडे रगडलेत तर कॉलेज क्रेडिट का सोडायचं? रेझ्युमेत नुसतं "३५पी" लिहून एचआरला काय कळणार डोंबल, "रोज कोरियन ऑडिओ ऐकून वेळेत इंग्रजी रिपोर्ट दिले" असं लिहा, पण काय ऐकलं ते अजिबात नाही, आणि पाठवायच्या आधी सिक्युरिटी रिव्ह्यू, म्हणजे गुप्त काही बाहेर जात नाही ना याची तपासणी, करून घ्या. क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची परवानगी, असेल तर बाहेर पडल्यापासून २४ महिन्यांच्या आत सरकारी कामं घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर कंपन्यांकडे बघा. ट्रान्सलेशनलाच चिकटू नका, बँकेतल्या फ्रॉड तपासणीतही असली माणसं लागतात.