डिस्चार्ज बुकवरचा घरचा पत्ता कसा दुरुस्त करावा

पुणे जिल्ह्यात आंबेगाव नावाचा तालुका आहे, घोडेगाव हे त्याचं मुख्यालय. आणि इकडे कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत, ते हवेली तालुक्यातले. फौजेतून निवृत्त होताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवेच्या नोंदींच्या पुस्तिकेत, नुसतं 'आंबेगाव, जि. पुणे' लिहिलेलं असेल तर जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र कुठे जाणार? वडगावचं तर विचारूच नका. शेरी, बुद्रुक, खुर्द, मावळ, सगळी वडगावंच. भरतीच्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने पत्ता तोंडी सांगितला, समोरच्या क्लार्कने ऐकू आला तसा उतरवला, आणि पुढे तोच शीट रोलमधून, म्हणजे जवानाच्या सेवा-नोंदीच्या कागदातून, डिस्चार्ज बुकात आला.

नोकरीत असेपर्यंत याने काही अडत नाही, कारण टपाल युनिटच्या पत्त्यावर येतं. पेन्शन बँकेत जमा होत राहते, म्हणून नंतरही कोणी त्या पानाकडे बघत नाही. अडतं ते दाखले काढताना. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, मिळकतकरातली सवलत, अशा ठिकाणी आधारवरचा पत्ता एक आणि डिस्चार्ज बुकातला दुसरा निघाला की फाइल थांबते. आणि सगळ्यात जास्त अडतं ते माजी सैनिकाच्या मागे, त्याच्या पत्नीचं. म्हणून हे काम ज्याचं त्याने हयात असताना, स्वतःच्या सहीने उरकावं असं मी कळकळीने सांगतो. घरात वडील किंवा आजोबा फौजेतून आलेले असतील तर मुला-नातवंडांनी त्यांच्यासोबत बसून हे करून घ्यावं.

आधी पान उघडा आणि नीट वाचा

डिस्चार्ज बुकातल्या कायमच्या पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य तर असतंच, शिवाय जवळचं रेल्वे स्टेशन आणि तार ऑफिसही असतं. तारसेवा २०१३ साली बंद झाली, त्यामुळे त्या रकान्याची काळजी सोडा. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आले. त्याआधीच्या भरतीवाल्यांच्या मूळ नोंदीत पिन नसणं ही चूक नाही, फक्त तो आता घालून घ्यायचा आहे.

मग तुमचं प्रकरण कोणत्या जातीचं आहे ते ठरवा, कारण अर्जाची भाषा त्यावर अवलंबून असते.

पहिला प्रकार मुळातल्या चुकीचा. गावाचं स्पेलिंग बिघडलंय, बुद्रुकच्या जागी खुर्द पडलंय, तालुका दुसराच लिहिलाय. इथे तुम्ही 'दुरुस्ती' मागता.

दुसऱ्या प्रकारात घर जागचं हललेलं नाही, सरकारने नाव किंवा हद्द बदलली. पुण्यात हे फार आहे. २०१७ साली ११ गावं महापालिकेत आली, त्यात धायरी, उंड्री, दोन्ही आंबेगावं होती. २०२१ साली आणखी २३ आली, त्यात वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे. कोकणातून आणि मराठवाड्यातून येऊन पुण्यात स्थायिक झालेल्यांचंही तसंच. देवगडचा जवान १९७५ साली भरती झाला तेव्हा त्याचा जिल्हा रत्नागिरीच होता, सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला झाला. लातूर १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला, आणि आता उस्मानाबादचं धाराशिव झालंय. अशा नोंदीला चूक म्हणू नका. 'तत्कालीन जिल्हा अमुक, सध्याचा जिल्हा तमुक' असं लिहा. कागद पाहणाऱ्याला जागा तीच आहे हे लगेच कळतं.

तिसरा प्रकार म्हणजे खरोखर घर बदललं. गावचं घर सोडून पुण्यात फ्लॅट घेतला आणि आता इथेच राहायचं आहे, तर हा 'बदल' आहे. मात्र भाड्याने राहत असाल, दोन-चार वर्षांत गावी परतायचा विचार असेल, तर कायमचा पत्ता हलवू नका. पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा कळवता येतो. गावाकडच्या जमिनीचे आणि वारसाचे कागद त्या जुन्या पत्त्याशी जोडलेले असतात. उगाच गुंता करू नये.

अर्ज कुठे करायचा

डिस्चार्ज बुकातली नोंद बदलण्याचा अधिकार रेकॉर्ड ऑफिसचा. बँक, पोस्ट, माजी सैनिकांचं पॉलिक्लिनिक यांपैकी कोणीही ती बदलू शकत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही नाही, ते अर्ज पुढे पाठवतं.

तुमचं रेकॉर्ड ऑफिस तुमच्या रेजिमेंटवर ठरतं, राहत्या गावावर नाही. बॉम्बे सॅपर्सवाल्यांचं भाग्य की त्यांचं खडकीतच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (फौजेच्या यांत्रिकी-विद्युत शाखेचं) सिकंदराबादला. नौदलाच्या जवानांसाठी मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रोतो पार्क.

पुण्यात एक घोटाळा नेहमी होतो. 'पीसीडीए' (संरक्षण खात्याच्या हिशेबाचं कार्यालय) असा शब्द कानावर असतो म्हणून लोक गोळीबार मैदानाजवळच्या कार्यालयात जातात. ते सेवेतल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचे हिशेब बघतं. जवानांच्या पेन्शनचं पीसीडीए प्रयागराजला आहे. आणि पत्त्याच्या कामाला तर दोन्हीकडे जायची गरज नाही.

कागद जमवण्याचा क्रम

सुरुवात आधारपासून करा. आधारवर पत्ता जसा हवा तसा, स्पेलिंगसकट, आधी करून घ्या. पुढची सगळी कार्यालयं त्याच्याशी ताडून बघतात. आधारवर एक स्पेलिंग, लाइट बिलावर दुसरं, आणि अर्जात तिसरं असं झालं तर अर्ज परत येणारच.

मग पत्त्याचा दुसरा पुरावा. शहरात मिळकतकराची पावती, लाइट बिल किंवा फ्लॅटचा इंडेक्स टू. गावात ग्रामपंचायतीचा नमुना आठ किंवा रहिवासी दाखला. शक्यतो कागद माजी सैनिकाच्या स्वतःच्या नावावरचा असावा. फ्लॅट मुलाच्या नावावर असेल तर मुलाचं संमतीपत्र जोडा.

तिसरा कागद प्रतिज्ञापत्र, आणि हाच नीट लिहायला हवा. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात नोटरी मिळतात, पण तिथला तयार मसुदा बहुधा 'माझा पत्ता अमुक आहे' एवढंच म्हणतो. त्याने काम होत नाही. त्यात तीन गोष्टी स्पष्ट याव्यात: डिस्चार्ज बुकात पत्ता जसाच्या तसा काय लिहिला आहे, योग्य पत्ता काय आहे, आणि दोन्हींत फरक का पडला. पहिल्या, म्हणजे मुळातल्या चुकीच्या प्रकारात हे वाक्य हवंच: 'वरील दोन्ही पत्ते एकाच जागेचे असून मी त्याच घरचा रहिवासी आहे.' नोटरीचं चालतं की कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोरचं लागतं, हे रेकॉर्ड ऑफिसला फोन करून आधी विचारा. पैसे आणि हेलपाटा दोन्ही वाचतात.

यांना डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांची आणि पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) स्वसाक्षांकित प्रत जोडा. मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पाठवू नका. मागितलंच तर आधी प्रत्येक पान रंगीत स्कॅन करून ठेवा, आणि पोचपावती घेऊनच द्या.

अर्ज लिहिताना

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा, कारण तो महाराष्ट्राबाहेरही जाऊ शकतो. अगदी वर नंबर, रँक, नाव. आर्मी नंबरच्या शेवटचं इंग्रजी अक्षर सोडू नका, तो नंबराचाच भाग आहे. नायब सुभेदार किंवा वर होऊन निवृत्त झाला असाल तर जेसी नंबर (त्या हुद्द्यांना मिळणारा नवा नंबर) लिहाच, त्याखाली शिपाई असतानाचा जुना नंबरही लिहा, कारण जुन्या नोंदी त्या नंबराखाली असू शकतात. भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, शेवटचं युनिट, पीपीओ नंबर, मोबाइल नंबर.

मग दोन रकाने पाडा. डावीकडे 'सध्याची नोंद', उजवीकडे 'हवी असलेली नोंद'. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, रेल्वे स्टेशन असं एकेक ओळीत. बुद्रुक आणि खुर्द पूर्ण अक्षरांत लिहा, 'बीके' आणि 'केएच' करू नका. बेळगावच्या किंवा जबलपूरच्या क्लार्कला आपली वडगावं कशी ठाऊक असणार?

एका अर्जात एकच विषय ठेवा. पत्नीचं नाव चुकलंय, मुलाची जन्मतारीख राहिलीय, हे सगळं त्याच कागदावर घुसवायचा मोह होतो. त्या दुरुस्त्यांना वेगळे कागद लागतात, आणि एक कागद कमी पडला की पत्ताही अडकतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा

थेट पोस्टानेही अर्ज पाठवता येतो, पण या कार्यालयाच्या शिक्क्यासह गेलेल्या अर्जाला वजन असतं. तिथले कल्याण संघटक बहुतेक स्वतः माजी सैनिक असतात. त्यांना कागद दाखवा, उणीव असेल तर ते तिथेच सांगतात. दुसऱ्या जिल्ह्यातून पुण्यात आला असाल तर तुमचं रेकॉर्ड कार्ड अजून तिकडेच असेल, साताऱ्याला किंवा कोल्हापूरला. तिथून ते पुण्याला वर्ग करून घ्या, म्हणजे इथलं कार्यालय तुमचे कागद करू शकेल.

जावक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय तिथून निघू नका. नंतर रेकॉर्ड ऑफिसला फोन केला तर पहिला प्रश्न तोच येतो. बरेच दिवस उत्तर नाही आलं तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र पाठवा. त्यानेही हललं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आल्यावर

दुरुस्तीचं पत्र आलं की त्याच्या चार-पाच प्रती काढा आणि मूळ पत्र डिस्चार्ज बुकासोबत ठेवा. जुनी नोंद पुसली जात नाही, त्यामुळे पुढे कधीही प्रश्न आला की हे पत्र दाखवावं लागतं. डिस्चार्ज बुकात स्वतः पेनाने खाडाखोड करून नवा पत्ता लिहू नका. तसं केलेलं बुक पुढे कुठलंच कार्यालय मानायला तयार होत नाही.

स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेतला पत्ता वेगळा बदलावा लागतो. पेन्शनरने स्वतःच्या लॉगिनने प्रोफाइलमध्ये जाऊन नवा पत्ता भरायचा आणि पुरावा जोडायचा. जमत नसेल तर स्पर्शच्या सेवा केंद्रात किंवा सीएससीत (कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये) करून मिळतं. मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही तेव्हाच बघा, कारण ओटीपी त्यावरच येतो. मग ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), जिल्हा कार्यालयाचं ओळखपत्र, बँक, इथेही पत्ता बदलून घ्या.

माजी सैनिक हयात नसतील तर पत्नीने वेगळी वाट धरावी. डिस्चार्ज बुकातल्या जुन्या पत्त्यामागे लागण्यापेक्षा तिने स्वतःच्या नावाने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून आपला सध्याचा पत्ता नोंदवून घ्यावा. पतीचा नंबर, रँक, नाव, मृत्यूचा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ आणि आधार एवढं जोडावं, आणि अर्ज सैनिक कल्याण कार्यालयातूनच पाठवावा. सोबत घरातलं कोणीतरी जावं. डिस्चार्ज बुक सापडत नसलं तरी तिने थांबू नये, पीपीओवरचा सेवा क्रमांक अर्जाला पुरतो.