दहाचं नाणं तळहातात लपवताना

नाण्यांची हातचलाखी शिकवणारे बहुतेक इंग्रजी व्हिडिओ अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर केलेले असतात. ते नाणं ३०.६ मिलिमीटर व्यासाचं आणि ११.३४ ग्रॅम वजनाचं. आपलं आताचं एक रुपयाचं नाणं आहे २० मिलिमीटरचं. ते घेऊन व्हिडिओप्रमाणे हात ठेवला की नाणं पडतं, आणि शिकणारा समजतो की आपला हातच या कामाचा नाही. म्हणून आधी नाणं बदला.

दहाचं नाणं घ्या: व्यास २७ मिलिमीटर, वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, कडेला बारीक दाते. कातडी त्या दात्यांना धरते. वीसचं नाणंही २७ मिलिमीटरचंच आणि थोडं जड आहे, पण ते बारा कोनांचं आणि कडेला गुळगुळीत. कधी कोपरा कातडीला लागतो, कधी सपाट बाजू, त्यामुळे पकड दर वेळी वेगळी बसते. शिकण्यासाठी ते नको. दहा-बारा वर्षांच्या मुलांना पाचचं २५ मिलिमीटरचं नाणं बरं पडतं. फार चकचकीत नाणं घेऊ नका. ट्यूबलाइटखाली बोटांच्या फटीतून चमकून तेच चुगली करतं. थोडं वापरलेलं, मळकट नाणं उत्तम.

नाणं हातात लपवून धरण्याच्या पकडीला ‘पाम’ म्हणतात. सुरुवात फिंगर पामने, म्हणजे बोटांत धरण्याच्या पकडीने करा. मधलं बोट आणि अनामिका यांच्या मुळाशी जे पेर आहे, त्यावर नाणं आडवं ठेवा आणि ही दोन बोटं हलकेच वाकवा. नाणं दोन सांध्यांच्या घड्यांमध्ये अडकतं. अंगठ्याने दाबायचं नाही, तर्जनी आणि करंगळी मोकळी. आता हात बाजूला सोडा. रिकामा हात सोडला की बोटं आपोआप जेवढी वाकतात तेवढीच वाकलेली हवीत. दुसरा हात रिकामाच सोडून आरशात दोन्ही हात शेजारी पाहा. नाण्याचा हात ओळखू येत असेल तर बोटं जास्त आवळली आहेत.

क्लासिक पाम याहून कठीण. इथे नाणं तळहातात राहतं आणि बोटं पूर्ण मोकळी असतात. एका बाजूने अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आणि समोरून मधलं बोट व अनामिका यांच्या मुळाखालचा मांसल भाग, या दोघांमध्ये नाण्याची फक्त कड धरली जाते. आधी दुसऱ्या हाताने नाणं तळहाताच्या मधोमध ठेवा, मग अंगठ्याच्या उंचवट्याकडे थोडं सरकवा. अंगठा किंचित आत घ्या आणि हात उपडा करा. पडलं तर दोन-तीन मिलिमीटर सरकवून पुन्हा. प्रत्येकाच्या हातात एकच नेमकी जागा असते आणि ती शोधण्यातच पहिले काही दिवस जातात. आपलं नाणं अर्ध्या डॉलरपेक्षा लहान असल्यामुळे ही जागा व्हिडिओत दिसते त्याहून अंगठ्याच्या जवळ सापडेल. सरावाला खाली दुमडलेली चादर अंथरा. फरशीवर नाणी पडत राहिली तर खालच्या मजल्यावरचे पहिल्याच रात्री वर येतील.

जागा सापडली की बोटांवरून नाणं तिथे न्यायला शिका. मधलं बोट आणि अनामिका यांच्या टोकांवर नाणं ठेवा, दोन्ही बोटं वाकवून ते तळहातात दाबा, उंचवट्याने धरलं की बोटं सरळ. ही हालचाल नुसती केली तर डोळ्यांत भरते. ती हात कुठेतरी जात असताना, त्या मोठ्या हालचालीच्या आड करायची.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ताकद. नाणं पडेल या भीतीने शिकणारा हात आवळतो, अंगठा तर्जनीला चिकटून ताठ उभा राहतो आणि पंजा लाकडी दिसू लागतो. दहाच्या नाण्याला खरोखर फार थोडा दाब लागतो. तो किती, हे हाताला कळावं म्हणून नाणं पाम करून त्याच हाताने दुसरं काहीतरी करा: पेनने सही करा, चहाचा कप उचला, फोन धरा. ठाणे ते वाशी लोकलचा साधारण अर्धा तास यासाठी छान. बसायला जागा असेल तर पाम केलेल्या हातात फोन धरा आणि नाणं विसरून वाचत राहा. दारात उभं राहून मात्र हा सराव करू नका, तिथे हात आधारासाठी मोकळे हवेत.

हवेचाही परिणाम होतो. मे-जूनच्या ठाण्यातल्या घामट हवेत नाणं निसटतं, किंवा उलट कातडीला चिकटून वेळेवर सुटत नाही. हात रुमालाला पुसा, पण पावडर लावू नका. कातडी कोरडी झाली की नाणं अधिकच घसरतं. एसी ऑफिसातल्या कोरड्या हातांना थेंबभर मॉइश्चरायझर पुरतं. पकडीला किंचित ओल लागतेच.

आता पहिला उपयोग, नाणं गायब करणं. उजव्या हाताच्या फिंगर पामच्या जागेवर नाणं उघडं दाखवा. डावा तळहात कमरेच्या उंचीला, वर तोंड करून. उजवा हात डाव्यावर पालथा करून नाणं खरोखर टाका, डावी मूठ मिटा. असं दहा-पंधरा वेळा करा आणि नीट पाहा: नजर कधी वळते, मूठ किती सैल मिटते, उजवा हात नंतर काय करतो. मग तेच सगळं करा, फक्त पालथं करताना मधलं बोट आणि अनामिका किंचित वाकवून नाणं ठेवून घ्या. उजव्या बोटांची टोकं डाव्या तळहाताला लागताच डावी बोटं मिटतात, डावा हात वर डावीकडे निघतो आणि नजर त्याच्याबरोबर जाते. उजवा हात सैल होऊन खाली येतो.

फसतं ते बहुधा नजरेमुळे. तुम्ही उजव्या हाताकडे एक क्षण पाहिलंत की सगळे तिकडे पाहतात. दुसरं म्हणजे घाई. मूठ मिटल्याबरोबर उघडली तर प्रेक्षकाच्या मनात नाणं डाव्या हातात पोहोचलेलंच नसतं. दोन-तीन सेकंद थांबा. या वेळात पेन काढायच्या निमित्ताने उजवा हात खिशात घाला, नाणं तिथेच सोडा, पेनने मुठीवर टिचकी मारा आणि मग एकेक बोट उघडा. आता दोन्ही हात खरेच रिकामे आहेत. हे फक्त करमणुकीसाठी. भाजीवाल्याशी किंवा रिक्षावाल्याशी पैसे देता-घेताना हातचलाखी केली तर ती फसवणूक आहे.

पुढची पायरी म्हणजे डाऊन्स पाम. टी. नेल्सन डाऊन्स हा अमेरिकन जादूगार आधी रेल्वेत तारयंत्रावर काम करायचा. पुढे हवेतून नाणी काढण्याच्या प्रयोगासाठी तो प्रसिद्ध झाला. या पकडीत नाणं अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात कडेने धरलं जातं, जमिनीला समांतर. समोर बसलेल्याला तळहात रिकामा दिसतो, पण वरून पाहणाऱ्याला नाणं स्पष्ट दिसतं. त्यामुळे गडकरी रंगायतनसारख्या बाल्कनीच्या नाट्यगृहात ती जपून वापरावी लागते.

सोसायटीच्या गणपतीत अडचण उलटी. मुलं अगदी पुढे सतरंजीवर बसतात आणि उभ्या माणसाचा उपडा तळहात त्यांना खालून दिसतो. तिथे क्लासिक पाम टाळा आणि फिंगर पाम करून हात मांडीशी सोडा, किंवा स्वतःच बुटक्या स्टुलावर बसा. आदल्या दिवशी फोन जमिनीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवून एकदा मधून आणि एकदा दोन्ही टोकांकडून चित्रीकरण करा. ज्या कोनातून नाणं दिसेल, त्या बाजूला खुर्च्या किंवा टेबल लावून कुणी बसणार नाही अशी सोय करा.