लव्हाळा उपटू नका, खणून काढा

लव्हाळा हाताने ओढला की पात तेवढी हातात येते, गाठ मातीतच राहते आणि आठवडाभरात तिथेच नवा कोंब. पाऊस पडून माती मऊ झाली की खुरपं खोल घाला आणि काळपट, वासाची गाठ मुळासकट काढा. दोऱ्यासारख्या मुळाला पुढची गाठ असतेच, दोरा तुटला तर तिथे पुन्हा खणा (कंटाळवाणं आहे, माहितेय!). गाठी कंपोस्टात नकोत, पत्र्यावर कडक उन्हात वाळवा. ग्लायफोसेट हे तणनाशक गाठीपर्यंत पोचतं खरं, पण तुषार शेजारच्या गुलाबावर उडाला तर गुलाबही जातो. शिवाय केंद्राच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे ते पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच मारून घ्यायचं. मीठ तर टाकूच नका, वाफाच नासतो.